संरक्षण आदेश कसा मागायचा: सातारा-सांगलीतल्या बायकांसाठी

आज रात्रीच मार बसेल अशी भीती असेल, तर पुढचं वाचत बसू नका. ११२ वर फोन करा. पोलीस येतात आणि फोन केल्याची नोंदही राहते. कुठं जायचं हेच सुचत नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहे. तिथं पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय होते, समुपदेशक भेटतात, वकिलाची आणि पोलिसांची मदत तिथूनच मिळवून देतात. दवाखाना लागला तर आधी दवाखाना. अर्ज-बिर्ज दोन दिवस थांबतात.

ज्यांना थोडी उसंत आहे त्यांच्यासाठी पुढचा मजकूर. मी तालुक्याच्या कोर्टात अशा बायकांच्या सोबतीला बसते. तिथं जे पुन्हा पुन्हा दिसतं ते आधीच सांगते: अर्जात जे नेमकं मागितलं असेल तेच कोर्ट देतं. मनातली भीती साहेबांना दिसत नाही, ती कागदावर आणावी लागते. म्हणून अर्ज कसा लिहायचा यावर मी जास्त बोलणार आहे.

डी.व्ही. म्हणजे काय, आणि काय नाही

‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम’ हा कायदा २००५ चा. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. कोर्टात सगळे त्याला ‘डी.व्ही.’च म्हणतात. ‘तिनं डी.व्ही. टाकली, आता सगळ्या घराला आत टाकणार’ असं गावात बोललं जातं, आणि त्या धाकानं कित्येक बायका अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. मॅजिस्ट्रेट समोरच्याला सांगतात की हे करायचं नाही, इथं यायचं नाही, इतके पैसे द्यायचे. यातलं ‘हे करायचं नाही, इथं यायचं नाही’ हा झाला संरक्षण आदेश. तो मोडला तर पुढं गुन्हा होतो.

नवऱ्याला शिक्षाच व्हावी असं वाटत असेल तर त्याची वाट वेगळी. पूर्वीचं ४९८-अ (नवऱ्यानं, सासरच्यांनी छळ करण्याचा गुन्हा) म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. ती फिर्याद पोलीस ठाण्यात द्यायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. एफ.आय.आर. नाही म्हणून डी.व्ही.चा अर्ज अडत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. पोलिसांनी ‘आधी इथं तक्रार द्या, मग कोर्टात जा’ असं सांगितलं तरी कायद्यात तशी अट नाही.

हिंसा म्हणजे फक्त हात उगारणं नव्हे. मनाविरुद्धचा शरीरसंबंध, मूल होत नाही किंवा मुलगी झाली म्हणून घालून-पाडून बोलणं, माहेरच्यांना मारण्याच्या धमक्या, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. पगार हातातून काढून घेणं, घरात किराणा न भरणं, तुमचे दागिने न विचारता गहाण ठेवणं, ही आर्थिक हिंसा. अंगावर वळ नाहीत म्हणून केस होत नाही, असं कुणी सांगितलं तर त्याला हा कायदा माहीत नाही.

अर्ज बायकोच करू शकते असंही नाही. लग्नासारख्या नात्यात राहिलेली, दिरानं घराबाहेर काढलेली विधवा सून, मुलाचा मार खाणारी आई, भावानं हाकललेली बहीण, या सगळ्यांना तो करता येतो. समोरचा ‘प्रौढ पुरुष’च हवा ही अट सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये काढून टाकली. तेव्हा सासू-नणंदेलाही सामनेवाले करता येतं. पण ज्यांनी खरोखर त्रास दिला त्यांचीच नावं घाला. पुण्यात राहणारी, वर्षातून एकदा गणपतीला येणारी चुलत नणंद रागाच्या भरात घातली तर सगळ्या अर्जाचाच विश्वास जातो.

घर सोडायचं की नाही

‘घर माझ्या वडिलांच्या नावावर आहे, तुझा इथं काय संबंध’ हे वाक्य प्रत्येक केसमध्ये येतं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की लग्नानंतर तुम्ही ज्या घरात नांदलात ते सासऱ्याच्या किंवा सासूच्या नावावर असलं तरी ‘सामायिक घर’ ठरू शकतं. त्यातून तुम्हाला कायद्याच्या रीतीशिवाय बाहेर काढता येत नाही. मालकी मिळत नाही, राहण्याचा हक्क मिळतो. जिवाला धोका नसेल तर घाईनं घर सोडू नका. सोडलंच असेल तरी हक्क जात नाही.

आणि माहेरी आला असाल तर अर्ज माहेरच्या कोर्टातच करा. कलम २७ प्रमाणे तुम्ही तात्पुरत्या जिथं राहता तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो. सासर जतला आणि माहेर वडूजला असेल तर दर तारखेला जतला जायची गरज नाही. खानापूर-आटपाडीकडच्या बायकांना तर याचा फार उपयोग आहे. तिकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरलेली. नवरा तमिळनाडूत दुकानावर आणि बायको विट्याला माहेरी, असं असलं तरी केस विट्यात चालते आणि आदेश साऱ्या भारतात लागू होतो.

कागद जमवताना

कागद पूर्ण होईपर्यंत अर्ज थांबवायचा नाही, पण जे हाताशी आहे ते एका पिशवीत घालून विश्वासाच्या माणसाकडं ठेवा. आधार, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला नसेल तर लग्नपत्रिका आणि फोटो, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दागिन्यांच्या पावत्या. मूळ कागद सासरीच अडकले असतील तर तेही अर्जात लिहा आणि ते परत मागा.

मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जा. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, कराडचं उपजिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेचं सिव्हिल, नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांना ‘घसरून पडले’ सांगू नका. कुणी, कशानं मारलं ते जसं घडलं तसं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ही एम.एल.सी.ची, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामासाठी केलेली दुखापतीची, नोंद पुढं फार कामाला येते. शेजारी सासू उभी असते, तिच्या देखत तोंडातून खरं निघत नाही. मग ‘मला एकटीनं बोलायचंय’ असं नर्सताईंना सांगा. तुमच्याकडं अजून कसलाही अहवाल नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत.

पोलीस ठाण्यात बऱ्याचदा एन.सी., म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण करतात. तेवढ्यावर समाधान मानू नका, पण त्या एन.सी.ची प्रत सोडूही नका. तीन वर्षांत चार एन.सी. असतील तर त्या एकत्र लावल्यावर मॅजिस्ट्रेटना चित्र दिसतं. व्हॉट्सअॅपवरच्या शिव्या, धमक्यांचं रेकॉर्डिंग मूळ फोनमध्ये तसंच राहू द्या. नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका. कोर्टात असा पुरावा देताना त्याच्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करतात.

आता उत्पन्नाचे पुरावे. यात आपल्या भागातल्या बायका फार मागं पडतात. कोर्टात नवरा हमखास सांगतो, ‘मी बेकार आहे, वडिलांच्या जिवावर खातो.’ सातबारा आणि ८-अ चे उतारे ऑनलाइन निघतात, ते काढा. ऊस कुठल्या कारखान्याला जातो आणि बिल कुणाच्या खात्यावर येतं, डेअरीला रोज किती दूध जातं, द्राक्षबाग किती, बेदाणा कुठल्या अडत्याकडं, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. ते लिहून काढा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलंय की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांनीही आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर सांगायची. त्याच्या शपथपत्रात काय लपवलंय ते तुमच्या या यादीवरूनच वकिलाला पकडता येतं.

कुणाकडं जायचं

अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, संरक्षण अधिकारी करू शकतात, तुमच्या वतीनं दुसरं कुणीही करू शकतं. संरक्षण अधिकारी हे महिला व बालविकास खात्याकडून नेमलेले असतात. तुमच्या तालुक्याचे कोण आणि कुठं बसतात हे जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात कळतं. अंगणवाडीताईंनाही बऱ्याचदा ठाऊक असतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले, तेव्हा ‘आमच्याकडं असं कुणी नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.

हे अधिकारी तुमची हकीकत ऐकून घरगुती घटनेचा अहवाल भरतात. त्याला डी.आय.आर. म्हणतात. तो मॅजिस्ट्रेटकडं जातो आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला. हा अहवाल असलेला चांगला, पण त्याच्यासाठी खोळंबू नका. २०२२ मध्ये एका विधवेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की डी.आय.आर. नसला तरी कोर्ट अर्ज ऐकून आदेश देऊ शकतं.

वकिलाचे पैसे नाहीत? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. स्त्रीला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नवरा नोकरदार असला तरी, तुम्ही स्वतः कमावत्या असलात तरी. फोनवर विचारायचं तर १५१००. मिळालेला वकील फोन उचलत नसेल, तारखेला येत नसेल, तर त्याच कार्यालयात लेखी अर्ज देऊन वकील बदलून मागा. फुकटचा आहे म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

एक सावधगिरी. पोलिसांच्या महिला कक्षात समुपदेशनासाठी बोलावतात, गावात तंटामुक्तीची बैठक बसते, भावकीतली मोठी माणसं मध्ये पडतात. काही संसार त्यातून सावरतातही. पण समुपदेशन झाल्याशिवाय कोर्टात जाता येत नाही, अशी अट कायद्यात नाही. नवरा दर पंधरा दिवसांनी पुढची तारीख घेत असेल आणि घरी मार चालूच असेल, तर तिकडचं तिकडं चालू द्या आणि इकडं अर्ज दाखल करा. बैठकीत कुणी स्टॅम्पपेपर पुढं केला तर सही करू नका. स्टॅम्पवर लिहिलेल्या फारकतीनं हिंदू लग्न मोडत नाही. पण त्याच कागदावर ‘माझी काही तक्रार नाही, दागिने मिळाले, पोटगी नको’ असं लिहून घेतलेलं असतं, आणि कोर्टात तो कागद तुमच्यापुढं धरला जातो.

अर्ज लिहिताना

अर्ज कलम १२ खाली, ठरावीक नमुन्यात. नमुना वकिलाकडं तयार असतो, आणि तिथंच घोळ होतो. जुन्या अर्जातली वाक्यं तशीच उतरतात: ‘अर्जदाराचा शारीरिक व मानसिक छळ केला, उपाशी ठेवले, माहेरून पैसे आणण्याचा तगादा लावला.’ अशी वाक्यं मॅजिस्ट्रेट रोज वाचतात. त्यांत तुम्ही कुठंच नसता.

म्हणून वकिलाकडं जाण्याआधी घरी वहीवर स्वतःच्या शब्दांत लिहा. तारीख आठवत नसेल तर बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, धाकट्याच्या बारशाच्या आधी, ऊसतोड चालू असताना, असं लिहा. काय घडलं, कुठं घडलं, हातात काय होतं, कुणी पाहिलं, नंतर तुम्ही कुणाला फोन केला. ‘मारहाण केली’ याच्यापेक्षा ‘गोठ्यात नेऊन पाइपनं पाठीवर मारलं, थोरली मुलगी दारात उभी होती, त्याच रात्री भावाला फोन केला’ हे पन्नास पट बोलतं. पहिली घटना, सगळ्यात भयंकर घटना आणि सगळ्यात अलीकडची, या तीन तरी सविस्तर हव्यात. लाजेनं लैंगिक त्रास गाळू नका. सुनावणी बंद खोलीत व्हावी अशी मागणी कलम १६ प्रमाणे करता येते.

मग मागण्या. संरक्षण आदेश कलम १८ खाली येतो. त्यात नुसतं ‘त्रास देऊ नये’ एवढं लिहून थांबू नका. तुम्ही शाळेत शिकवता आणि तो तिथं येऊन तमाशा करतो? मग शाळेचं नाव घालून ‘तिथं येऊ नये’ असं मागा. रात्री-अपरात्री फोन करतो? फोन, मेसेज, नातेवाइकांमार्फत निरोप, सगळं बंद करा असं मागा. तुमच्या भावाला धमकावतो? तुम्हाला मदत करणाऱ्यांनाही संरक्षण मागता येतं. दोघांच्या नावचं लॉकर किंवा खातं त्यानं परस्पर मोकळं करू नये, जमीन-घर विकू नये, हेही.

राहण्यासाठी कलम १९. घरात राहू द्यावं, वेगळी खोली आणि स्वयंपाकाची वेगळी सोय द्यावी, नाहीतर तशाच दर्जाचं भाड्याचं घर द्यावं. नवऱ्यानंच घराबाहेर राहावं असा आदेशही होऊ शकतो, सासू-नणंदेला मात्र असं बाहेर काढता येत नाही. दागिने, कपडे, भांडी, शाळेचे दाखले असं स्त्रीधन यादी करून इथंच परत मागा. ‘सर्व स्त्रीधन’ असं मोघम लिहिलं तर नंतर काय आणायचं यावर भांडण होतं. ‘दोन तोळ्यांचं गंठण, माहेरचं, पावती सोबत’ असं लिहा.

कलम २० मध्ये पोटगी, दवाखान्याचा खर्च, मुलांची फी. आकडा वाऱ्यावर टाकू नका. महिन्याचं भाडं, किराणा, औषध, शाळा यांचा हिशेब मांडून बेरीज लिहा. कलम २१ मध्ये मुलांचा तात्पुरता ताबा, कलम २२ मध्ये नुकसानभरपाई.

सगळ्यात महत्त्वाचं कलम २३. मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज आणि शपथपत्र जोडलेलं हवं. धोका मोठा असेल तर समोरच्याला ऐकण्याआधीच एकतर्फी आदेश मिळू शकतो. त्यासाठी ‘आज आदेश नाही मिळाला तर काय होईल’ हे शपथपत्रात स्पष्ट लिहावं लागतं. वकिलाला विचारा, ‘साहेब, २३ चा अर्ज लावला का?’ हे तुम्हीच विचारायचं. दाखल होण्याआधी सगळा अर्ज मराठीत वाचून घ्या. जे पटत नाही त्याच्याखाली सही करू नका. महाराष्ट्रात अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

तारखा

कायद्यात लिहिलंय की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, नोटीस दोन दिवसांत बजवावी, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात अंतिम निकाल त्याहून कितीतरी लांबतो. म्हणूनच अंतरिम आदेशाचा इतका आग्रह धरते आहे. अंतिम निकाल लागेपर्यंत तुमचा सगळा आधार तोच असतो.

उशीर बहुतेक वेळा नोटिशीपाशी होतो. ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा येतो आणि महिना जातो. त्याचा घरचा पत्ता, कामाचा पत्ता, मोबाइल, गलाईचं दुकान असेल तर गल्ली आणि दुकानाचं नाव, सगळं सुरुवातीलाच द्या. नोटीस कामाच्या ठिकाणीही बजावता येते.

केस दाखल झाली की सोळा अंकी-अक्षरी सी.एन.आर. नंबर मिळतो. तो वहीत लिहा. ई-कोर्ट्सच्या मोबाइल अॅपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते, वकिलाला दरवेळी विचारावं लागत नाही. कोर्टात जाताना एकटी जाऊ नका. तो आवारातच गाठून दम देत असेल तर लगेच वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटच्या कानावर घाला. साक्षीच्या वेळी आठवत नाही तिथं ‘आठवत नाही’ म्हणा. उलटतपासणीत चिडवतात, ते ठरवून चिडवत असतात.

आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रत तुम्हाला मोफत मिळते. पोलीस ठाण्यालाही ती पाठवायची असते, तरीही एक झेरॉक्स स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. एक प्रत पर्समध्ये, एक फोनमध्ये, एक मुलांच्या शाळेत. त्यानं आदेश मोडला, म्हणजे दारात आला, फोन केला, धमकावलं, तर कलम ३१ खाली तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. तेव्हा ठाण्यात ‘एन.सी. घेतो’ म्हणाले तर आदेशाची प्रत पुढं करा आणि कलम ३१, ३२ असं तोंडानं सांगा. तुमच्या एकटीच्या साक्षीवरही कोर्ट हा गुन्हा शाबीत धरू शकतं.

पोटगी थकली तर वाट वेगळी. वसुलीचा अर्ज द्यावा लागतो आणि वॉरंट निघू शकतं. शिवाय त्यानं पैसे दिले नाहीत तर त्याच्या मालकाला किंवा जो त्याचं देणं लागतो त्याला, रक्कम थेट तुम्हाला द्या किंवा कोर्टात भरा, असं मॅजिस्ट्रेट सांगू शकतात. नोकरदाराचा पगार यात येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या नावावर जमा होणारं उसाचं बिल, दुधाचा पगारही याच तरतुदीखाली मागून पाहता येतो. वकिलाला कलम २०, पोटकलम ६ दाखवा.

आदेश मनासारखा नसेल तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. तोही अपील करील, त्याची नोटीस आली तर घाबरू नका, विधी सेवेचा वकील तिथंही मिळतो. त्यापुढं हायकोर्टात जावं लागलं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

संरक्षण आदेश तुम्ही स्वतः अर्ज करून रद्द करून घेईपर्यंत राहतो, किंवा परिस्थिती बदलली असं दाखवून कुणी कोर्टाकडून बदल करून घेईपर्यंत. इथंच एक डाव होतो. आदेश झाल्यावर महिनाभरात सासरची माणसं माहेरी येतात: ‘झालं गेलं विसर, केस काढून घे, उद्याच न्यायला येतो.’ परत नांदायला जायचं की नाही हा तुमचा निर्णय, त्यात बाहेरच्यानं बोलू नये. जायचं ठरलं तर जा. पण आधी केस काढून मग नांदायला जाऊ नका. काय ठरलं ते तडजोडीच्या अटी म्हणून कोर्टात लिहून द्या: मारणार नाही, महिन्याला इतके पैसे देणार, दागिने अमुक दिवशी परत, पुन्हा त्रास झाला तर अर्ज पुढं चालू. त्यावर दोघांच्या सह्या होऊ द्यात, आणि संरक्षण आदेश तसाच राहू द्या. खरंच नीट नांदवायचं असेल तर त्याला या आदेशाची अडचण होत नाही.